ब्लिथबर्गचे देवदूत

लंडनहून ईशान्येकडे जाणारा ए-१२ रस्ता सफोकमध्ये ब्लिथ नदीच्या काठाशी येतो आणि ब्लिथबर्गचं होली ट्रिनिटी चर्च दिसू लागतं. दिसू लागतं म्हणजे दुसरं काही दिसतच नाही. सपाट मुलूख, ओहोटीला उघडा पडणारा करडा गाळ, बोरूचं रान आणि त्यावर हे एवढं थोरलं दगडी प्रकरण. गावाची वस्ती काहीशे माणसांची. एवढ्यांना एवढं देऊळ कशाला? पण पंधराव्या शतकात हे उभं राहिलं तेव्हा इथे बंदर होतं, बाजार भरत होता, व्यापाऱ्यांच्या हातात पैसा होता. पुढे जहाजं मोठी झाली, नदी गाळाने भरली, व्यापार उठून गेला. चर्च तेवढं राहिलं. लोक लाडाने त्याला दलदलीचं कॅथीड्रल म्हणतात. कॅथीड्रल ते कधीच नव्हतं. हे साधं पॅरिश चर्च, गावाचं.

गॉथिक म्हटलं की मुंबईकराला कुलाब्याचं अफगाण चर्च आठवतं. रंगीत काचा, गार अंधार, दबकी पावलं. ती एकोणिसाव्या शतकाने केलेली मध्ययुगाची आठवण. खुद्द मध्ययुगातल्या या चर्चमध्ये पाऊल टाकलं तर आत उजेडच उजेड! वरच्या भिंतीत खिडक्यांची लांबलचक ओळ, काचा जवळजवळ सगळ्या बिनरंगाच्या. समुद्रावरून येणारं पांढरं ऊन फिकट खांबांवर आणि झिजलेल्या फरशीवर पडलेलं. ढग आला की सगळं चर्च राखाडी होतं, गेला की पुन्हा उजळतं. मी बराच वेळ नुसता ते बघत बाकावर बसून होतो.

या उजेडामागची गोष्ट मात्र काही सुंदर नाही. १६४४ च्या एप्रिलमध्ये विल्यम डाउझिंग इथे आला. चर्चमधली चित्रं, क्रूस, मूर्ती या अंधश्रद्धेच्या खुणा, त्या नष्ट करा, असा पार्लमेंटचा हुकूम होता आणि ते काम त्याच्याकडे होतं. माणूस पद्धतशीर. कुठे काय फोडलं, काय उतरवायला सांगितलं, याची नोंद तो रोजनिशीत करी, आणि चर्चमागे सहा शिलिंग आठ पेन्स फी घेई. म्हणजे आपल्या खिडक्या फोडून घ्यायचे पैसे गावानेच मोजायचे.

छतावरचे देवदूतही उतरवा, असं तो सांगून गेला होता. त्यातले डझनभर अजून वरच आहेत. तुळयांच्या मध्यावर पाठीला पाठ लावलेले, लाकडी पंख फैलावलेले. छतावरची लाल-हिरवी नक्षीही मूळची, पुन्हा कुणी न रंगवलेली, म्हणून विटलेली. ते वाचले कसे? माझा अंदाज असा की एवढ्या उंच शिड्या, मजूर, खर्च हे सगळं कोण करणार? गावाने मान डोलावली असेल आणि लोक आपल्या कामाला लागले असतील. या देवदूतांच्या अंगात छर्रे सापडले, तेव्हा ते डाउझिंगच्याच खाती मांडले गेले. पण अठराव्या शतकातल्या चर्चच्या हिशेबात दारूगोळ्याचा खर्च आहे, आणि तो आत शिरणाऱ्या जॅकडॉ जातीच्या कावळ्यांसाठी. देवदूतांवर गोळ्या झाडणारे धर्मवेडे नव्हते, कावळ्यांना कंटाळलेले गावकरी होते.

उत्तरेच्या दारावर काळे डाग दाखवतात. १५७७ च्या ऑगस्टमध्ये ऐन उपासनेच्या वेळी वादळ झालं, मनोऱ्याचा सुळका कोसळला, एक माणूस आणि एक मुलगा दगावला. ब्लॅक शक नावाचा सैतानी काळा कुत्रा आला होता, डाग त्याच्या नखांचे, अशी दंतकथा. मला ते मेणबत्तीचे चटके वाटले. त्यापेक्षा बाकांच्या टोकांवरची लाकडी पापं बघावीत. आळस खुशाल अंथरुणात बसलाय, खादाडपणा पोट धरून आहे. कोरणाऱ्याने हे नमुने गावातच पाहिले असणार.

१८८१ साली बिशपने इमारत धोकादायक ठरवून बंद केली. त्याआधी लोक आत छत्र्या उघडून बसत, इतकं छप्पर गळायचं. दुरुस्ती कशी करावी यावरून वाद झाला. विल्यम मॉरिस आणि १८७७ मध्ये त्याने काढलेली जुन्या वास्तूंची संस्था मध्ये पडली. तिचं म्हणणं: डागडुजी करा, नवं करू नका. त्यात पैशांची चणचण. इंग्लंडभर मध्ययुगीन चर्चना चकचकीत फरश्या आणि नवी रंगीत काच बसत असताना ब्लिथबर्ग त्यातून सुटलं. गरिबीचं कौतुक करणं मला सोपं आहे, मी काही छत्री धरून प्रार्थनेला बसलेलो नाही. तरीही डाउझिंगपेक्षा त्या हौशी नूतनीकरणाने इंग्लंडच्या चर्चचं जास्त नुकसान केलं, असं माझं मत आहे.

कधी तिकडे गेलात तर दुर्बीण बरोबर न्या, देवदूतांचे चेहरे नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. आणि निघताना पेटीत काही टाका. छप्पर मोठं आहे, गाव लहान.