वसमतच्या पेढीवरील पुस्तक

होळी उलटली की वसमतच्या मोंढ्यात पाऊल ठेवताच पहिला अनुभव येतो तो वासाचा. ओलसर मातीचा, उकडलेल्या कंदाचा आणि त्यामागून हळूहळू जाणवणाऱ्या कडवट सुगंधाचा असा तो संमिश्र वास असतो. ट्रॅक्टर आणि टेम्पो ओळीने उभे राहतात, हमालांचे सदरे दुपारपर्यंत पिवळे होतात, आणि ओट्यावर हळकुंडांचे ढीग पडतात. खरेदीदार ढिगाजवळ येतो, एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो आणि बोली बोलतो. या सगळ्याला काही क्षणांहून अधिक वेळ लागत नाही. शेतकऱ्याच्या आठ-नऊ महिन्यांच्या कष्टांचा निकाल त्या काही क्षणांत लागतो. बेणे लावणे, भर देणे, काढणी, शिजवणे, दहा-पंधरा दिवसांचे वाळवणे, ढोलातील घासणी हे सारे त्या एका मोडलेल्या हळकुंडात वाचता येणे हीच व्यापाऱ्याची पारख होय.

वसमत हे गाव १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. त्या दिवशी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि तालुका नव्या जिल्ह्यात गेला. पूर्णा-अकोला लोहमार्गावरील हे स्थानक पूर्वी मीटरगेजचे होते. पूर्णा साखर कारखान्यामुळे गावाला उसाची ओळख मिळाली, तरी गावाचा खरा रंग पिवळाच राहिला. २०२४ साली 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मोंढ्यातील जुन्या माणसांना त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. जे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, ते आता कागदावर आले इतकेच.

या मोंढ्यात एका जैन कुटुंबाची आडत पेढी आहे. पेढीचे आणि कुटुंबाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. तेथे गादीवर लोडाला टेकून बसणारे आजोबा लिलाव आटोपले की पुस्तक उघडीत. पावसाळ्यात आवक मंदावली की ते दिवसच्या दिवस वाचीत. काय वाचता, असे कोणी विचारलेच तर पुस्तकाचे पुष्ठ त्याच्याकडे वळवीत. त्यापलीकडे एक शब्द बोलत नसत. नातू त्यांच्या शेजारी बसून वाचायला शिकला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो पेढीवर आला, तेव्हा आजोबा नव्हते. पण वाचनाची सवय उरली होती.

२०२० सालच्या टाळेबंदीत मोंढा बंद पडला आणि हाती रिकामा वेळ आला. वाचलेल्या पुस्तकांविषयी चार ओळी लिहून त्याने फोनवरून मित्रांना पाठवायला सुरुवात केली. लिखाण चांगले होते. मित्रांचे मित्र वाचू लागले, अनोळखी लोक वाचू लागले, मग लेखकांची पत्रे येऊ लागली, आणि पुढे प्रकाशकांकडून विनामूल्य पुस्तकांची पुडकी पेढीच्या पत्त्यावर येऊ लागली. हळदीच्या पोत्यांशेजारी पुस्तकांची चळत वाढू लागली. आई म्हणे, "फुकट आलं म्हणून सगळंच घरात घ्यायचं का?" त्यावर तो हसत असे. परंतु बँकेच्या व्यवहाराची ज्यांना सवय आहे त्यांना ठाऊक असते की विनामूल्य आलेली वस्तूही अनेकदा कर्जच असते. हप्ता फक्त लिहिलेला नसतो.

तो हप्ता दर रविवारी येऊ लागला. आठवड्याला एक परीक्षण, वर्षाला पन्नास पुस्तके, प्रत्येकाला पाचपैकी किती तारे, असा हिशेब ठरला. पुस्तक उघडताच हातात पेन्सिल येई, आणि कोणते वाक्य लोकांपुढे ठेवता येईल याचा शोध पहिल्या पानापासून सुरू होई. जाड पुस्तके मागे पडू लागली, कारण त्यांत आठवडा जाई आणि संख्या वाढत नसे. जुने आवडते पुस्तक पुन्हा वाचणे तर संपलेच. त्याचे परीक्षण आधीच होऊन गेले होते. एकदा एक कादंबरी वाचताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी, हे लिहिताना कसे मांडावे, असा विचार मनात आला. त्याला स्वतःचीच शरम वाटली. तरीही त्या रविवारी त्याने ते लिहिलेच.

हा थकवा वसमतच्या या तरुणाला प्रथम आला असे मुळीच नाही. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी अनेक वर्षे वृत्तपत्रांसाठी परीक्षणे लिहिली आणि १९४६ साली परीक्षकाच्या दुरवस्थेवरच एक निबंध लिहिला. ज्या पुस्तकांविषयी मनात काहीच उमटत नाही त्यांच्याविषयी सतत भावना निर्माण करीत राहावे लागते, हे त्या धंद्याचे खरे दुखणे आहे असे त्यांचे निदान होते. बहुसंख्य पुस्तकांविषयी मौन पाळावे आणि मोजक्यांविषयीच सविस्तर लिहावे, हा त्यांनी सुचविलेला उपाय आजही कोणी फारसा अंगीकारलेला दिसत नाही. पुढे १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांच्यापैकी काहींना आधी सांगून बक्षीस दिले. काही दिवसांनी पाहिले तर याच मुलांची चित्रकलेची ओढ ओसरली होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले किंवा मुळीच मिळाले नाही, त्यांची आवड मात्र टिकली होती. व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांनी, मुलाला पुस्तकामागे दहा रुपये देण्यापूर्वी, या प्रयोगाचा विचार करावयास हरकत नाही.

वसमतच्या तरुणाच्या बाबतीत प्रकरण थकव्यावर थांबले नाही. तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी आपला पहिला काव्यसंग्रह त्याच्याकडे पाठविला. स्वतःच्या निवृत्तिवेतनातून त्यांनी तो छापला होता. हंगाम ऐन भरात होता, रविवार तोंडावर आला होता. त्याने चाळीस पाने वाचली, प्रस्तावना चाळली आणि संपूर्ण संग्रहाची प्रशंसा करणारे परीक्षण लिहून टाकले. चौथ्या दिवशी गुरुजी पेढ्यांचा पुडा घेऊन पेढीवर आले. गादीच्या कडेला अवघडून बसले. इतके बारकाईने कोणी वाचील असे वाटले नव्हते, असे म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "उत्तरार्धात पत्नीच्या आजारपणावरच्या कविता आहेत. त्या जमल्या आहेत का? तुम्ही त्यांच्याविषयी काही लिहिलं नाही, म्हणून विचारतो."

त्या कविता संग्रहात आहेत हेच तरुणाला ठाऊक नव्हते. "चांगल्या आहेत, गुरुजी," एवढेच तो म्हणाला.

समोर ओट्यावर त्याचे वडील एका शेतकऱ्याच्या मालाची प्रत ठरवीत होते. वरच्या पोत्यावर न विसंबता त्यांनी खालचे पोते फोडावयास लावले. न फोडलेल्या पोत्याची प्रत सांगायची नाही, हा त्या पेढीचा तीन पिढ्यांचा नियम होता, आणि तो मोडला गेला होता, तोही हळदीच्या बाबतीत नव्हे. त्या रविवारी परीक्षण लिहिले गेले नाही. त्यानंतरही नाही. आलेली पुडकी त्याने न फोडता गावच्या वाचनालयात नेऊन दिली.

पण लिहिणे थांबले म्हणून वाचणे परत आले नाही. पुस्तक उघडले की मनातला परीक्षक आधी जागा होई. सहा-सात महिने त्याने काहीच वाचले नाही. पंधराव्या वर्षापासून ज्याच्या उशाशी पुस्तक होते, त्याच्या उशाशी आता फक्त फोन होता.

एका सुटीच्या दिवशी तो मोटारसायकल काढून कुरुंद्याला गेला. वसमत तालुक्यातील हे गाव नरहर कुरुंदकरांचे मूळ गाव. कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे, आजोळी झाला आणि पुढे ते नांदेडचे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. परंतु आडनाव त्यांनी या गावाचे वागविले. गावात पाहण्याजोगे काही असेल या अपेक्षेने तो गेला नव्हता. चौक, पाणीपुरवठ्याची टाकी, शेतमालाच्या गाड्या, असे चारचौघांसारखे गाव. तरी पिंपळाच्या सावलीत बसला असता त्याला या माणसाच्या आयुष्यातील एक गोष्ट आठवली. हैदराबादला मामा डॉ. नारायणराव नांदापूरकर यांच्याकडे शिकत असताना कुरुंदकरांनी अफाट वाचन केले, आणि त्याच काळात इंटरच्या परीक्षेत त्यांना वारंवार अपयश आले. जे नेमलेले होते ते त्यांनी वाचले नाही. जे हवे होते ते वाचले. प्रमाणपत्राच्या हिशेबाने तो शुद्ध तोटा होता. पुढे हाच विद्यार्थी नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि 'श्रीमान योगी'ला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना लोक आजही स्वतंत्रपणे वाचतात. इतरांच्या पुस्तकांवर त्यांनी पुष्कळ लिहिले, हे खरे. परंतु त्या लेखनाच्या मागे आधी साठलेले वाचन होते. लेखनासाठी वाचन ओढून आणलेले नव्हते. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, व्याख्यानाच्या व्यासपीठावर त्यांचे निधन झाले.

औंढ्याच्या रस्त्यावर शिरड शहापूर लागते. मल्लिनाथ भगवानांचे हे अतिशय क्षेत्र समाजातील बहुतेक कुटुंबांना परिचित आहे. वसमतच्या लोकांसाठी तर ते शेजारघर. पुढच्याच महिन्यात हा तरुण आईला घेऊन तेथे गेला. दर्शनानंतर सभामंडपात एक वृद्ध गृहस्थ चार-सहा जणांपुढे स्वाध्यायाचे प्रकार समजावून सांगत होते. तत्त्वार्थसूत्रात ते पाच सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पाठशाळेत त्याने ते पाठ केले होते. क्रमाकडे लक्ष आज प्रथमच गेले. आधी वाचणे, मग शंका विचारणे, मग मनात घोळविणे, मग पुन्हा पुन्हा म्हणणे. दुसऱ्याला सांगणे सर्वांत शेवटी. त्याने मधले तीन टप्पे गाळून पहिल्यावरून एकदम पाचव्यावर उडी घेतली होती, आणि गुरुजींच्या संग्रहाच्या वेळी तर पहिलाही अर्ध्यावर सोडला होता.

येथे एका जुन्या प्रसंगाचे स्मरण होते. मूडबिद्रीच्या भांडारातील धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्यांचे शतकानुशतके केवळ दर्शन घेतले जाई. त्या कोणी वाचीत नसे. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी, मुंबईचे शेठ माणिकचंद अशा व्यापारी मंडळींच्या खटपटीने त्यांच्या नकला होऊ लागल्या. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला आणि सोळा खंडांत ते काम पूर्ण झाले. ग्रंथ दाखविण्यासाठी नसून वाचण्यासाठी असतो, हे पटवून देण्यासाठी तेव्हा व्यापाऱ्यांना झगडावे लागले. आता चळतीचे छायाचित्र काढून ती इतरांना दाखविण्याची रीत आली आहे, आणि पुस्तके पुन्हा दर्शनाचीच होऊ पाहत आहेत.

दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचे कपाट उघडले गेले. नातवाची पक्की समजूत होती की त्यातील प्रत्येक पुस्तक आजोबांनी साद्यंत वाचलेले आहे. धूळ झटकताना एकेका पुस्तकातून जुन्या तोलाच्या पावत्या डोकावू लागल्या. खुणेसाठी घातलेल्या. कुठे साठाव्या पानावर, कुठे एकशे बाराव्या, एका जाडजूड चरित्रात तर अवघ्या अकराव्या पानावर. निम्म्याहून अधिक पुस्तके आजोबांनी मध्येच सोडली होती. पावत्यांवर तारखा होत्या. काही ठिकाणी एकाच पुस्तकात दोन पावत्या, मध्ये नऊ वर्षांचे अंतर. न आवडलेले त्यांनी सोडले, वाटले तेव्हा पुन्हा धरले, आणि याचा ताळेबंद कोणालाही सादर केला नाही. नातू कपाटासमोर बसून बराच वेळ हसत राहिला. आईने आत डोकावून विचारले, "काय झालं?" त्याने पावत्या दाखविल्या. "मग?" ती म्हणाली, "त्यांना झोप यायची दुपारी."

ते चरित्र त्याने अकराव्या पानापासून वाचावयास घेतले. पेन्सिल घेतली नाही. अधूनमधून हात फोनकडे जाई, तेव्हा फोन गल्ल्यात ठेवू लागला. वेग मंद होता. कधी दिवसाला चार पाने, लिलावाच्या दिवशी एकही नाही. बाहेरगावच्या एका प्रकाशकाने पुन्हा लिहिण्याविषयी विचारले, त्याला नम्रपणे नकार कळविला. पूर्वीचे वाचक आता विचारीत नाहीत. लोक फार लवकर विसरतात, आणि या बाबतीत ते बरेच आहे.

गुरुजींचा संग्रह त्याने वाचनालयात दिला नव्हता. चैत्रात, आवक जोरात असतानाच, त्याने तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. उत्तरार्धाला तीन आठवडे लागले. मग एका संध्याकाळी मोंढा आटोपल्यावर तो गुरुजींच्या घरी गेला आणि उंबऱ्यातच सांगून टाकले की परीक्षण लिहिले तेव्हा त्याने चाळीसच पाने वाचली होती. गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी संग्रहाची स्वतःची प्रत आणली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बसा. आता सांगा, कोणत्या जमल्या नाहीत?"

दवाखान्याच्या वऱ्हांड्यातील कविता लांबली आहे, असे त्याने सांगितले. गुरुजींना ते पटले नाही. ती ओळ का हवी, हे ते समजावून सांगू लागले, मग दुसऱ्या कवितेवर आले, मग पत्नीविषयी बोलू लागले. सूर्यास्तापूर्वी जेवण, हा त्या घरचा नेम; आईने पान मांडून ठेवले होते. तो घरी पोहोचला तेव्हा अंधार पडला होता, आणि त्या दिवशीचे जेवण राहून गेले.