वातीपुरतं सूत

आत्याच्या माळ्यावर चरख्याची एक चाती सापडली.

लोखंडाची. वीतभर लांब. एक टोक सुईसारखं. मधोमध बारीक खाच, दोरी फिरून फिरून पडलेली. लोखंड सुतानं कापलं होतं. किती वर्षं लागली असतील?

कार्तिकातलं ऊन झरोक्यातून तिरपं येत होतं. मी चाती उन्हात धरली. गंजाखाली एवढीशी जागा अजून चमकत होती. तिथं कुणाचं तरी बोट टेकत असणार. रोज.

“माह्या आजीच्या आजीची होय ते,” खालून आत्या म्हणाली. “ठेव बाप्पा तिथंच.”

नाही ठेववली.

तुला हाक कशी मारू, सुता? तुला हाक मारायची कुणालाच सवय नाही. तू कायम कशाच्या तरी मागे होतंस. म्हातारीच्या गोष्टीमागे तुझी घरघर. तान्ह्याच्या झोपेमागे तुझी घरघर. तिन्हीसांजेला, दिवा लागायच्या आधी घरात नुसता राखाडी उजेड उरतो आणि डोळ्यांना काही नीट दिसत नाही, तेव्हा बोटांना तू दिसायचंस.

ती घरघर थांबली कधी? शेवटची कोणत्या घरात? कोणत्या वारी?

कुणाला आठवत नाही. सदा कानावर असणारा आवाज थांबला, तर ते फार उशिरा कळतं. आम्हाला दीडशे वर्षं लागली.

कापूस वावरात फुटायचा, बायका तो ओट्यात वेचून घरी आणायच्या, रेच्याच्या दोन लाटांमधून सरकी अलीकडे आणि रुई पलीकडे पडायची, सरकी म्हशीच्या आंबोणात जायची आणि रुई पिंजाऱ्याच्या दारी, तिथं धनुकलीच्या तातेवर ठोका पडला की सगळी गल्ली झणझणायची आणि हवेत पांढरं धुकं तरंगायचं, त्या धुक्याचे पेळू होऊन टोपलीतून घरोघर यायचे, कुण्या म्हातारीच्या, कुण्या विधवेच्या, कुण्या लेकुरवाळीच्या हाताशी चाती फिरू लागायची आणि पेळूच्या टोकातून तू निघायचंस, लांबत लांबत, हात खांद्यामागे जाईपर्यंत, श्वास धरून, न तुटता, आणि मग तुझ्या गुंड्या होऊन कोष्टीपुऱ्यात, साळीवाड्यात, महारवाड्यातल्या मागावर, खळीचा आंबूस वास अंगात मुरवत, ताणा होऊन, बाणा होऊन, धोट्यासंगं इकडून तिकडं अन् तिकडून इकडं, आणि सरतेशेवटी पासोडी होऊन तू पडायचंस त्याच माणसाच्या अंगावर, ज्याच्या वावरात तू फुटलं होतंस.

एवढा सगळा प्रवास. एका हाकेच्या अंतरात.

मग अंतर आलं.

१८५३ साली वऱ्हाड निजामाच्या हातून कंपनीच्या हाती गेलं. कागदावर सही झाली तेव्हा चात्या फिरतच होत्या. १८६१ साली सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई पेटली, आणि तिच्या जाळानं आमच्या कापसाचा भाव उजळला. १८६५ साली ती लढाई विझली. भावही विझला. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. १८६९ साली सुएझचं पाणी जहाजांना मोकळं झालं. १८७० साली खामगावच्या कापूसबाजारापर्यंत रूळ आले, आणि ती एवढीशी वाट उघडायला खुद्द लाटसाहेब आले, लॉर्ड मेयो.

ही सालं म्हणजे मैलाचे दगड. तुझ्यापासून दूर जाणाऱ्या रस्त्यावरचे. प्रत्येक दगडाशी मी थांबतो, मागे वळतो, आणि तू आधीच्यापेक्षा थोडं आणखी बारीक दिसतंस.

तुझी आमची गाठ सुटली. आणि कापसाच्या गाठी बांधल्या गेल्या.

दाबून, आवळून, लोखंडी पट्ट्या मारून. ज्या रुईला फुंकर पुरायची, तिचा दगड झाला. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या कापसाला ‘उमरा’ म्हणायचे. त्यात अंबादेवीचं गाव कुठं होतं? वावर कुठं होतं? वेचणारीच्या बोटांना टोचलेली बोंडाची टोकं कुठं होती? नावसुद्धा पिंजलं, आणि सरकीसारखे आम्ही बाजूला पडलो.

आणि ती बणी. हिंगणघाटची बणी. लांब धाग्याची, मऊ, तुझी खरी आई. बोंडं थोडी द्यायची, पण जे द्यायची ते रेशमासारखं. तिच्या जागी जाडाभरडा, भरघोस कापूस आला, वजन भरणारा. आज कार्तिकात कुठल्याही वावराच्या बांधावर उभं राहावं आणि ‘बणी’ म्हणून हाक मारावी. एक बोंड मान वळवणार नाही.

तुझ्या बदल्यात कापड आलं. गुळगुळीत. दुधासारखं पांढरं. पन्ह्याला मोठं, मोलाला हलकं. त्यात एक गाठ नव्हती, एक जाडंभरडं नव्हतं. कातणारीचा हात कुठं थकला, कुठं लेकरू रडलं म्हणून ती उठली, कुठं परत येऊन तिनं तुटलेलं टोक जोडलं, यातलं काही त्यात वाचता येत नव्हतं. बोट फिरवत जावं, फिरवत जावं, आणि कुणीच भेटू नये.

अंगावर होतं ते. पण त्यात कुणी नव्हतं.

वावरात पऱ्हाटी चढत गेली. ज्वारी मागे सरत गेली. आणि पेव रितं होत गेलं.

पेव आता कुणी पाहिलेलं नाही. जमिनीच्या पोटातलं कोठार ते, कडब्याचं अस्तर लावलेलं, वर माती लिंपलेली. एका सुगीची ज्वारी पुढच्या वाईट साला-दोन सालांसाठी तिथं निजायची. उघडलं की आधी दिवा सोडून हवा पाहायची, मग माणूस उतरायचा. दिवा खाली खाली जायचा आणि सोनेरी ज्वारीवर टेकायचा.

१८९६-९७ चा दुष्काळ. मग १८९९-१९०० चा, तो संवत छप्पन्नचा. तेव्हा दिवे सोडले असतील. खाली खाली गेले असतील. कशावर टेकले?

अजून कशाचीही अचानक बरसात झाली की आम्ही म्हणतो, पेव फुटलं. अजून कुणाचं कुणाशी जमलं की म्हणतो, सूत जुळलं. गाव पिंजून काढतो. धागेदोरे शोधतो. सुतावरून स्वर्ग गाठतो. वस्तू गेल्या आणि त्यांच्या सावल्या बोलण्यात राहिल्या. भर दुपारी, वस्तूवाचून पडलेल्या सावल्या. आम्ही त्यांत रोज वावरतो आणि वर काय होतं ते बघत नाही.

बोटांचं काय झालं, सुता?

नागपूरची, उमरेडची, पवनीची ती बोटं. हजार ताण्यांतला एक तुटला तर अंधारातही नेमकी तिथं पोचणारी. थुंकीचं बोट लावून, एक हलकासा पीळ देऊन तुला असं सांधणारी, की सांधा तुझ्याही ध्यानात येऊ नये. दुष्काळी कामांवर ती बोटं खडी फोडायला गेली. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात दगड. ढीग मोजून मजुरी. रस्ते झाले त्या खडीचे. पांढरेफटक, सरळ, उन्हात डोळे दिपवणारे.

मला ते रस्ते लांब ताणलेल्या ताण्यासारखे दिसतात. ज्यात बाणा कधी पडलाच नाही.

१८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. कुणब्याच्या उपासाशेजारी साळी-कोष्ट्यांचा उपासही त्यांना दिसला. एवढं एक बरं झालं. निदान कुणी तरी तुझ्या तुटण्याचा आवाज ऐकला. तो किती बारीक असतो. टच. एवढाच.

एक दिवस माझ्या मनातून जात नाही. १ जानेवारी १८७७.

त्या दिवशी दिल्लीत दरबार भरला होता. व्हिक्टोरिया राणीची सम्राज्ञी झाली. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली आणि तिला त्या सम्राज्ञीचंच नाव मिळालं, एम्प्रेस. हजारो चात्या एका पट्ट्यावर एकदम फिरू लागल्या. आणि त्याच दरबाराच्या झगमगाटात, जरीच्या आणि हिऱ्यांच्या गर्दीत, पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हातसुताच्या पांढऱ्या कपड्यांत उभे होते.

तू होतंस तिथं. एका माणसाच्या अंगावर. एवढ्या लखलखाटात एक जाडंभरडं, शांत पांढरेपण.

तू काय पाहिलंस?

नंतर तू एकदा परत आलंस. १९३६ पासून सेवाग्रामच्या कुडाच्या भिंतींमागे पहाटे चरखे घुमले. पण तू आता व्रत होतंस. तुला वंदन होत होतं. लेकरू रडलं म्हणून तुला अर्ध्यावर टाकून उठणारी बाई तुझ्याजवळ नव्हती. परतलेल्याला आपल्याच घरात पाट मांडून बसवावं, तसं झालं तुझं. घरच्याला कुणी पाट मांडतं का?

एम्प्रेसचा भोंगाही आता वाजत नाही. ज्यांनी माग मोडून तिथं पाळ्या धरल्या, त्यांच्या नातवांच्या कानांतूनही तो आवाज गेला. एका शांततेवर दुसरी शांतता. घडीवर घडी.

परवा मूर्तिजापूरला उतरलो होतो. अडीच फुटांच्या त्या अरुंद रुळांजवळ गेलो. एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळकडे. दुसरा अंजनगाववरून अचलपूरकडे. शकुंतला नावाच्या गाडीची वाट. विलायती कंपनीनं कापसासाठी घातलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेलं, ते १९९४ पर्यंत इथं धापा टाकत होतं. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला गेला आणि तो न्यायला मँचेस्टरहून इंजिन आलं.

आता तीही बंद. रुळांमध्ये कुसळी गवत कंबरेएवढं. सूर्य मावळतीला टेकला होता. गंजलेल्या लोखंडावर एक तांबूस रेघ धावत गेली, दूरवर, बारीक होत होत, आणि गवतात हरवली.

गाडी थांबली तेव्हा लोक हळहळले. सभा झाल्या, निवेदनं दिली गेली, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मीही हळहळलो. खोटं नव्हतं ते. जी तुला घेऊन गेली तिच्यासाठी आम्ही रडलो, कारण ती जाताना शिटी वाजवायची.

तू काही वाजवलं नाहीस. तू फक्त एका संध्याकाळी निघालं नाहीस.

आज त्रिपुरी पौर्णिमा.

आत्या ओसरीवर बसली आहे. पुढ्यात सुपात कापूस, घरच्याच वावरातला, सीतादही घालून वेचलेला पहिला वेचा. चाती माझ्या हातात. काय करावं तिचं, कळत नाही.

आत्या बोंडातली सरकी नखानं काढते. टप. सरकी वाटीत पडते. मग ती रुई बोटांनी उकलते, हळूहळू, गाठ सोडवावी तशी, आणि तिच्या हातावर एक छोटंसं धुकं तयार होतं. ते धुकं ती दोन बोटांत धरते. डाव्या हातानं ताणते. उजव्या अंगठ्यानं पीळ देते. हात मागे जातो, मागे, खांद्यापर्यंत.

तू निघतंस.

मी श्वास धरतो.

तिचं लक्ष नाही. ती उन्हं कलल्याबद्दल, गाईच्या पान्ह्याबद्दल काही बोलते आहे. साडेसातशे पदरांची त्रिपुरवात करायची तर बोलत बोलतच करावी लागते. मोतीबिंदू झालेले तिचे डोळे अंगणात आहेत आणि बोटांना तू दिसतं आहेस. वावर, रेचा, पिंजारी, चरखा, सगळा गाव एका सुपात. एका हाकेच्याही आत.

“आत्या, हे सूतच काढलं तुनं.”

“सूत कायचं?” ती म्हणते. “वात होय ते.”

आत्याला सूत काढता येतं. तिला ते माहीत नाही.

चंद्र वर आला. तुळशीपाशी त्रिपुरवात लागली. मी चाती दिव्याशेजारी ठेवली. खाचेत उजेड साचला, आणि ती शंभर-दीडशे वर्षं माळ्यावर निजलेली जागा ओली असल्यासारखी चकाकली. आत्या काही बोलली नाही. मीही नाही. वाऱ्यावर ज्योत थोडी झुकायची, सावरायची. तुपाचा वास. मागे कुठं तरी पऱ्हाटीची कोरडी सळसळ.

असं किती वेळ चाललं. एका वातीएवढा वेळ.

मग ती विझली. पणतीत काळी, नाजूक, वळलेली एक रेघ राहिली. मी वाकून पाहिलं. फुंकर घातली असती तर राख झाली असती.

पीळ तसाच होता.