हेड कापायचं की ठेवायचं

फियाट ११००च्या हेडमधली जागा मोजायला मेडिकलमधून सिरिंज आणावी लागते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी सौंसरला हिशेब लिहिणारा माणूस. कापूस, संत्री, खतं, उधारी एवढंच माझं जग. गाडी म्हणजे पेट्रोल टाकायचं आणि चालवायची. पण पांढुर्ण्याच्या मामांकडे बागेतल्या गोठ्यात वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली फियाट होती आणि पुण्याला इंजिनिअरिंग करून आलेल्या मामेभावाने ती उभी करायचं मनावर घेतलं. कागदपत्रं आणि खर्च सांभाळायला मला बोलावलं. तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी सौंसरहून पांढुर्ण्याला जातो.

आमची गाडी ती जुनी, गोल पाठीची, जिला मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. कंपनीच्या भाषेत ११००/१०३. इटलीत ती १९५३ साली आली. भारतात ती बनवली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, मुंबईला कुर्ल्यात. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली. गाडीचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे. गोठ्यातून बाहेर काढल्यावर मी पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा ते कोणीतरी चुकीचं बसवलंय असंच मला वाटलं होतं.

नुसती दुरुस्ती करायची असती तर काम सोपं होतं. पण भावाच्या डोक्यात इटलीतली मिल्ले मिल्या शर्यत होती. ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला यायचं, सुमारे १,६०० किलोमीटर, तेही रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवरून. ही शर्यत १९२७ ते १९५७ चालली आणि मोठ्या अपघातानंतर बंद पडली. गाडीच्या अंगावरचा आकडा म्हणजे तिची सुटायची वेळ, हे मला भावाने सांगितलं तेव्हा मी शर्यतीचा फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. १९५५ साली स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडिजवर ७२२ लिहिलं होतं, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. तिने १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत फेरी मारली. लहान गाड्या तिच्या कितीतरी आधी, अंधारातच निघून गेलेल्या असायच्या आणि त्यांत फियाट ११०० होत्याच. घरातून बाजाराला जाणारी गाडी त्याच रस्त्यावर त्याच शर्यतीत! मला हे फार भावलं. लाल रंगाच्या मोठ्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त.

या गाडीचा फॅक्टरीनेच काढलेला जोरकस अवतार म्हणजे ११०० टीव्ही. टुरिस्मो वेलोचे, वेगवान प्रवासी गाडी. साध्या ११००ला ३६ अश्वशक्ती, टीव्हीला सुरुवातीला ४८ आणि पुढे ५०. इंजिन तेच, १,०८९ सीसीचं. फरक कॉम्प्रेशनचा आणि दोन गळ्यांच्या वेबर कार्ब्युरेटरचा. आणि समोरच्या जाळीच्या मधोमध तिसरा दिवा. आपल्या साध्या १०३ला त्या काळच्या टीव्हीसारखं करायचं, जे बसवायचं ते फॅक्टरीने त्या वर्षी जसं दिलं तसंच, असं भावाने ठरवलं.

आमचे मिस्त्रीकाका वरुड रोडवर काम करतात. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्स्या दुरुस्त करण्यात गेली. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन त्यांना डोळे मिटून खोलता येतं. आणि इथेच माझा गोंधळ सुरू झाला. पद्मिनीचं इंजिन आणि आमच्या गाडीचं इंजिन एकाच घराण्यातलं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. कुर्ल्यात हे माप पद्मिनी बंद होईपर्यंत चाललं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली ती २०२३च्या ऑक्टोबरअखेर, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलांचा आपला नवा जिल्हा झाला त्याच महिन्यात. त्यामुळे भंगारात या इंजिनाचे भाग अजून मिळतात. काका एकेक भाग हातात घेऊन म्हणायचे, “भाऊ, बसते न हे. लावून टाकू.” आणि भाऊ म्हणायचा, “काकाजी, बसते, पण हे त्या सालचं नाही.”

मी दोघांच्या मधे वही घेऊन उभा. हिशेबात रक्कम जुळली की जुळली. इथे भाग बसला तरी तो चूकच ठरत होता. वायरी प्लॅस्टिकच्या नको, सुती वेष्टनाच्या हव्यात. आतल्या पट्टीचे स्क्रू चौफुलीचे नको, एका खाचेचे हवेत. टायर ५.२०-१४ मापाचेच. प्रत्येक भागापुढे मी तीन रकाने आखले: बसतो का, त्या काळचा आहे का, आणि पुरावा काय. तिसरा रकाना भरता भरता मला या कामाची गोडी लागली. जुना फोटो, कारखान्याचं पुस्तक, किंवा गाडीवरच उरलेली मूळ खूण, यांपैकी काहीतरी दाखवता आलं तरच भाग पुढे जायचा. कोणीतरी सांगितलं, कुठेतरी पाहिलं, हे त्या रकान्यात लिहायचं नाही, असा नियम भावाने घालून दिला. काकांनी तो आमच्यापेक्षा कडकपणे पाळला. त्यांनी स्वतः आणलेला एक चांगला डिस्ट्रिब्यूटर त्यांनीच उचलून बाजूला ठेवला.

मग आलं हेड. पिस्टन खाली असताना त्याच्यावर जेवढी जागा असते आणि पिस्टन वर पोचल्यावर जेवढी उरते, त्यांचं गुणोत्तर म्हणजे कॉम्प्रेशन. साध्या ११००चं ६.७, टीव्हीचं साडेसातच्या आसपास. एका सिलिंडरचा वाटा १,०८९ भागिले ४, म्हणजे २७२ सीसी. ६.७साठी वर उरायला हवी ४८ सीसी जागा आणि साडेसातसाठी ४२. सगळा फरक सहा सीसीचा. चहाच्या चमच्याएवढा.

आकडे आले तसा मला धीर आला. काकांनी हेड टेबलावर उलटं ठेवलं, पाणसळ लावून सपाट केलं, प्लग घट्ट बसवले, व्हॉल्व्ह जागेवर आहेत ना ते पाहिलं. खळग्याच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ ओढून त्यावर अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक तुकडा दाबला. त्याला एक छिद्र. त्या छिद्रातून मी सिरिंजने पातळ तेल सोडत गेलो. तेल पसरतं, हवा एका बाजूला जमते, तुकडा जरासा तिरपा करून तो बुडबुडा छिद्राशी आणायचा आणि बाहेर काढायचा. शेवटचे थेंब सगळ्यात अवघड. तुकडा स्वच्छ दिसला की सिरिंजवरचा आकडा वाचायचा. गॅस्केटची आणि पिस्टनच्या माथ्याची जागा वेगळी मोजून त्यात मिळवायची. चारही खळगे असेच. आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. काही ठिकाणी काजळी राहिली होती. ती खरवडून पुन्हा मोजले तेव्हा जुळले. त्या दिवशी घरी जाताना मला शर्यतीतल्या गाडीच्या आतलं काहीतरी पहिल्यांदा समजलं होतं.

सहा सीसी कमी करायचे तर हेड लेथवाल्याकडे नेऊन खालून घासायचं. ते अ‍ॅल्युमिनियमचं आहे, सहज कापलं जातं. पण कापलेलं परत लावता येत नाही. शिवाय केंद्र सरकारचे २०२१चे जुन्या गाड्यांचे नियम मी वाचले होते, कारण कागद माझ्याकडे होते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण चॅसिस, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात हवं, मोठा फेरफार नको. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभाल अशा मोजक्या कामांसाठीच ती रस्त्यावर.

मी वही उघडून दोघांना वाचून दाखवलं. माझं मत मी स्पष्ट सांगितलं. आपली गाडी टीव्ही नाही, साधी १०३ आहे. तिच्या चॅसिसवर तसाच नंबर ठोकलाय आणि तो तसाच राहिला पाहिजे. टीव्हीचं रूप द्यायचं तर ते परत काढता येईल असंच द्यायचं. मामा पहिल्यांदाच बोलले, “बापू, मी घेतली तेव्हा ती जशी होती ते कोणाले सांगाचं असन त सांगता आलं पाहिजे.”

काकांनीच तोड काढली. भंगारातून त्याच जुन्या काळचं एक फुटकं इंजिन त्यांनी मिळवलं. ब्लॉकला तडा, पण हेड शाबूत आणि ओतकामाची खूण आमच्या हेडसारखीच. ते हेड घासून एकूण जागा ४२ सीसीवर आणायची, टीव्हीच्या मापाची. मूळ हेड ग्रीस लावून पेटीत, बाजूला मोजणीचा कागद, त्यावर तारीख. तिसऱ्या दिव्यासाठी जाळीला भोक पाडायचं नाही. काकांनी मागून पकडणारी क्लिप बनवायला घेतली आहे.

संत्र्याचा हंगाम लागल्यावर काम थांबलं होतं, ट्रक भरायला माणसं हवी होती. पोळ्यानंतर गोटमारीच्या जत्रेच्या दिवशी जाम नदीकडे गाव लोटलं होतं आणि गॅरेज बंद होतं. आता पुन्हा सुरू झालं आहे. दुसरं हेड घासून आलं, मी मोजलं. गॅस्केट आणि पिस्टनचा माथा मिळवून तीन खळगे ४२ला, चौथ्यात थोडी जास्त जागा. तो अजून जुळवायचा आहे. वेबर अजून मिळालेला नाही. तोपर्यंत सोलेक्स कार्ब्युरेटर चालेल, पण वहीत त्याच्यापुढे ‘तात्पुरता’ असं लिहून ठेवलंय. ‘टीव्ही’ची पाटी गाडीला लावायची नाही, हे मामांनी ठरवलं आहे. भाऊ गेले चार दिवस रंगाच्या पुराव्यामागे लागलाय.