शेवटच्या खोलीपर्यंत

शिवडीच्या बीडीडी चाळीत मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर २०. १९२०च्या दशकातल्या या इमारतींत पुढे जी जी वायर आली, ती बोळाच्या भिंतीवरून खिळे ठोकतच आली.

२ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही सुरू झालं. त्या सुमाराला आमच्या मजल्यावर केबल फिरली, आणि केबलवाल्या दादांच्या मागे मी पक्कड घेऊन हिंडू लागलो. वायर लांबली की सिग्नल झिजतो, वरच्या फ्रिक्वेन्सीचा आधी. त्यात प्रत्येक स्प्लिटर ताकद निम्म्याहून खाली आणतो. त्यामुळे नळाच्या पाण्यासारखंच व्हायचं: जिन्याजवळ सगळं लख्ख, टोकाच्या खोलीत मुंग्या. ॲम्प्लिफायर लावावा, तर तो सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो; म्हणून दादा तो टोकाला न लावता आधीच, सिग्नल चांगला असेल तिथे लावत. लाइनच्या शेवटी ७५ ओहमची टोपी. ती नसली की सिग्नल आपटून माघारी येतो, चित्राला सावली पडते. काम झालं की दादा थेट टोकाच्या दारात उभे राहत. "काकू, टीव्ही लावा बघू!" तिथे नीट दिसलं तरच पक्कड पिशवीत जायची.

३१ ऑक्टोबर २०१२नंतर मुंबईत सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली. मुंग्या गेल्या. पण मला ते जुनं चित्र जास्त दयाळू वाटतं. मुंग्या वाढल्या की जोड सैल होतोय हे कळायचं, आणि त्यातूनही क्रिकेटचा स्कोअर दिसायचा. डिजिटलमध्ये चित्र अखेरपर्यंत स्वच्छ राहतं, मग चौकोन फुटतात आणि पडदा काळा.

आता माझं पोट नेटवर्कच्या कामावरच आहे. चाळीतल्या भजनी मंडळाच्या कॅसेटी आणि गणपतीतल्या नाटकांच्या व्हीएचएस संगणकावर उतरवून घेतल्या. मंडळाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर जेलीफिन हे घरोघरच्या टीव्हीवर गाणी-व्हिडिओ पोचवणारं सॉफ्टवेअर चढवलं. त्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता राउटरमध्ये बांधून ठेवला, नाहीतर वीज गेली-आली की पत्ता बदलू शकतो आणि घरोघरचे टीव्ही त्याला शोधत बसतात. जाड भिंतींपुढे वाय-फाय टिकेना, म्हणून बोळातून वायर ओढली. तपासणी टोकाच्या खोलीपासून. तिथल्या आजींना त्यांच्या यजमानांचा मृदंग स्पष्ट ऐकू आला, तेव्हा मी बाकीच्या घरांकडे वळलो.

त्या कॉम्प्युटरच्या दोन डिस्कवर एकसारख्या प्रती आहेत, पण चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जाईल. म्हणून तिसरी प्रत चाळीबाहेर ठेवली. वरळी, नायगावच्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. उद्या इथलीही माणसं पांगतील. तेव्हा पासवर्ड, वायरींचा नकाशा, कॉम्प्युटर पुन्हा कसा उभा करायचा, सगळं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून मंडळाच्या वहीत चिकटवलंय. मंडळातली दोन पोरं ते वाचून मला न विचारता तो बंद-चालू करतात.