भरतीच्या वेळापत्रकावरची सहल

पुण्या-मुंबईहून अंजनवेलला निघालेलं कुटुंब सगळ्यात आधी गाडीचं आरक्षण करतं. कोकण रेल्वेचं तिकीट 60 दिवस आधी मिळतं, चिपळूणला उतरून गुहागर गाठायचं, तिथून पुढे अंजनवेल. मुक्कामाची खोलीही फोनवर ठरते. मग होडीवाल्याला फोन जातो, "रविवारी सकाळी दहाला खाडीत फिरवाल का?" तो लगेच हो म्हणत नाही. आधी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघतो.

कारण इथे वेळ ठरवते ती वाशिष्ठीची खाडी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. तेव्हा ठरलेला रविवार एकादशीचा असेल, तर दहा वाजता ओहोटी लागलेली असणार, हे त्याला फोन ठेवण्याआधीच कळतं.

हेदवीची बामणघळ बघायची तर हा हिशेब पाठच हवा. कातळाच्या चिरेत लाट घुसते आणि पाणी फवाऱ्यासारखं वर उसळतं, पण ते भरतीच्या वेळी. उधाणाच्या दिवशी दुपारी बाराला जो उभा असेल, त्याचं भाग्य. ओहोटीला पोचलेल्याला नुसती भेग दिसते. घळीच्या काठाशी ओल्या कातळावर पाय ठेवू नये, एवढं मात्र प्रत्येकाने ऐकावंच.

अंजनवेलच्या गोपाळगड किल्ल्याला भरतीची अडचण नाही. तिथे माहीतगार माणूस हवा. जांभ्या दगडाची तटबंदी, जमिनीच्या बाजूचा खंदक, खाली पाण्याकडे उतरणारा पडकोट आणि आतली आंब्याची झाडं. एकट्याने फिरणारा अर्ध्या तासात बाहेर पडतो. विजापूरकर, शिवाजी महाराज, 1699 मध्ये सिद्दी, 1745 मध्ये तुळाजी आंग्रे, पुढे पेशवे आणि 1818 मध्ये इंग्रज, एवढ्यांना हा गड का हवा होता, ते बुरुजावर उभं राहून समोरच्या दाभोळकडे बोट दाखवणारा कुणी असेल तरच उमगतं. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या तोफांच्या समोरून जायचं. गावातल्या अशा माणसाला आदल्या दिवशी विचारावं आणि त्याचे पैसे आधीच बोलून घ्यावेत. त्याच्या वेळेला मोल आहे, हे पाहुण्यांनी मनापासून मानायला हवं.

टाळकेश्वराच्या देवळाजवळचं दीपगृह ठरावीक वेळातच उघडं असतं. ती वेळ गावात विचारूनच निघावं.

कासवं पाहायची असतील तर मात्र धीर हवा. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत गुहागरच्या वाळूत अंडी घालतात आणि पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी निघतात. नेमका दिवस कुणीच आधी देऊ शकत नाही. 2023 मध्ये याच किनाऱ्यावरून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पिल्लांसाठी येणाऱ्यांनी दोन रात्रींचा मुक्काम धरावा, कारण ती सकाळीही सोडतात आणि संध्याकाळीही.

होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यावं. मुलांच्या मापाचं आहे का, हेही फोनवरच विचारावं. नसेल तर होडीवाल्याला दुसऱ्याकडून आणायला वेळ मिळतो.