पान फाडलं नाही

आमच्या घरात एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठ्यावर निळ्या शाईत ‘फवारणी नोंद’ असं लिहिलंय. ते अक्षर घरातल्या कुणाचं नाही, आमच्या गावच्या तेव्हाच्या कृषी सहायकांचं आहे. त्या अक्षराचं आमच्यावर ऋण आहे.

विट्याच्या पूर्वेला आमचा माळ. अर्धी भावकी सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेलेली. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला दुष्काळ. 2003 साली आबांनी टँकरचं पाणी घालून दीड एकर द्राक्षबाग जगवली. पुढं माल युरोपला पाठवायचं ठरलं, तेव्हा ते कृषी सहायक साहेब ही वही घेऊन दारात आले. आई चौथी शिकलेली. तिच्यासमोर रकाने आखत ते म्हणाले, “वहिनी, तारीख, औषध, लिटरला किती, फवारलं कुणी. पंपात जे गेलं तेच लिहायचं.”

आई रोज दिवेलागणीला लिहायला बसायची. जोडाक्षरं अडायची, म्हणून औषधाची रिकामी बाटली समोर ठेवून एकेक अक्षर उतरवून घ्यायची.

भारत आणि पश्चिम जर्मनीचे राजनैतिक संबंध 1951 साली जुळले. 1956 साली मुंबईत इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स उभी राहिली. आमच्या माळावर जर्मनी पोचली ती मात्र या वहीतून. युरोपातली दुकानं ज्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्रावर माल घेतात, त्याचं कार्यालय जर्मनीतल्या कोलोन शहरात आहे. तिथल्या नियमांना हवी असलेली नोंद आमची आई चुलीपुढं बसून करत होती.

2010 च्या हंगामात घात झाला. खरड छाटणीनंतर वाढ रोखायला सगळेच सीसीसी नावाचं औषध फवारायचे. ते वेलीत मुरून घडात उतरलं आणि जर्मनी-नेदरलँडच्या बाजारात द्राक्षं अडकली. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तोवर ते नव्हतंच. आमच्या वहीत मात्र आईच्या अक्षरात तारखेसकट होतं. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, “पान फाडा. फवारलंच नाही म्हणून सांगा.”

आबा वही मांडीवर घेऊन गप्प बसले होते. तेवढ्यात साहेबांची मोटारसायकल अंगणात आली. सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, “आबा, एक पान फाडलं की बाकीची सगळी खोटी पडतात.”

पान राहिलं. आबांनी ते निर्यातदाराला स्वतः उघडून दाखवलं. त्या वर्षी मालाचे निम्मेच पैसे हाती आले. सोसायटीचं कर्ज फेडायला आईच्या पाटल्या मोडल्या. पुढच्या हंगामात तोच निर्यातदार सगळ्यात आधी आमच्या बांधावर आला. घड बघायच्या आधी त्यानं वही मागितली. तेव्हापासून आमचा माल कधी अडला नाही. माझं शिक्षण, बहिणीचं लग्न, हे घर, सगळं त्या बागेवर झालं.

साहेबांची बदली झाली, मग ते निवृत्तही झाले. आता आबा नाहीत. दरवर्षी कंटेनर भरायच्या आधी पहिली पेटी मी विट्यात साहेबांच्या घरी पोचवतो. यंदा गेलो तर त्यांची नजर अधू झालेली. पेटी त्यांनी बाजूला ठेवली आणि हात पुढं केला.

“वही आणलीस का?”

आणली होती. त्यांनी ती उघडली, बोटानं चाचपत आईच्या अक्षरापर्यंत गेले आणि बराच वेळ हात तिथंच ठेवून बसले.