विमानांतील गांठोडें

घरांत एखादें फडताळ रिकामें असलें, तर आठ दिवसांत तें भरतें आणि मग दुसरें हवेंसें वाटूं लागतें. ही संवय मनुष्य आकाशांतही बरोबर नेतो, असें आम्हांस अलीकडे दिसून आलें. आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेंत आपल्या गॅरेजमध्यें, एकामागें एक अशा दोन आसनांचें लहान विमान स्वहस्तें बांधीत आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी मनुष्यानें स्वतः केलें असल्यास तेथें अशा विमानाची प्रायोगिक वर्गांत नोंद होऊं शकते. त्यानें आम्हांस लिहिलें, "सर, मागच्या आसनापाठीमागें शेपटीपर्यंत पोकळी रिकामीच आहे. तेथें फळी बसवून आईच्या पेटीची सोय करावी म्हणतों."

विद्यार्थी मित्रहो, जागा असणें निराळें आणि तेथें भार सोसणें निराळें. तरफेचा नियम आठवा. गुरुत्वमध्यापासून दोन मीटर मागें ठेवलेले १० किलो आणि अर्धा मीटर मागें ठेवलेले ४० किलो विमानाची शेपटी सारख्याच जोरानें खालीं ओढतात. गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागें गेला, कीं विमान चंचल होतें. आणि वेग मंदावून तें गिरक्या घेऊं लागलें, तर सांवरणें अशक्य होऊं शकतें. शिवाय सुकाणूच्या तारा वा दांडे बहुधा त्याच पोकळींतून जातात. सुटलेली पेटी त्यांत अडकली, तर वैमानिकाचे हात असून नसल्यासारखे!

कुशल रचनाकारांनीं ही अडचण युक्तीनें सोडविली आहे. बर्ट रुटन यांच्या १९७९ सालच्या 'लाँग-ईझी' विमानांत कांहीं सामान पंखांच्या मुळाशीं, म्हणजे तोलाच्या जवळ राहतें. अशाच दोन विमानांतून १९९७ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा झाली. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या 'आर-व्ही ८' मध्यें एक कप्पा वैमानिकाच्याही पुढें, इंजिनामागें आहे. मागें प्रवासी बसला, कीं पुढचें सामान तोल सांवरण्यास साह्य करतें.

आम्हीं त्यास उलट टपालीं कळविलें, "प्रत्येक चाकाखालीं कांटा ठेवून विमान तोल. मग मागें आई, नव्या फळींत पेटी आणि टाकींत निरनिराळ्या प्रमाणांत पेट्रोल धरून सारें गणित मांड. आंकडा मर्यादेंत बसला, तरच करवत हातीं घे."

महिन्यानें उत्तर आलें, "सर, गणित बसत नाहीं. पेटी मोटारीनें येईल; विमानांत आई तेवढी बसेल."

तें वाचून आम्हांस जें समाधान वाटलें, तें परीक्षेच्या कोणत्याही निकालानें वाटलें नव्हतें. पालकांसही आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं मुलांच्या दिनक्रमांत रिकामी दिसणारी प्रत्येक घटका भरूं नये. कांहीं जागा तोल राखण्यासाठींच रिकाम्या असतात.